गोठलेले रताळे : 'सोल फूड', मूळस्थान आणि अस्सलतेचा दंडक

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या 'सोल फूड' या अन्नप्रकाराविषयी लिहिताना एक विधान जवळजवळ गृहीतकासारखे वापरले जाते. हे अन्न दक्षिणेत, कापसाच्या मळ्यांच्या प्रदेशात, आजीच्या चुलीवर शिजले तरच ते खरे. न्यूयॉर्क, पॅरिस वा लंडन येथील उपाहारगृहात जे ताटात येते ती त्याची केवळ नक्कल. हे विधान प्रवासवर्णनकार करतो, खाद्यसदराचा लेखक करतो, आणि संस्कृतिसमीक्षेची परिभाषा अंगी बाणवलेला विद्वानही करतो. पहिल्या दोघांना ते माफ आहे. तिसऱ्याला नाही. कारण ज्या तोंडाने तो संहितेचे मूळ अर्थकेंद्र नाकारतो, त्याच तोंडाने तो ताटातील पदार्थाला मात्र त्याचे मूळ गाव विचारतो. कादंबरीच्या बाबतीत लेखकाचा मृत्यू जाहीर करून टाकलेल्या समीक्षकाला रश्श्याच्या बाबतीत आजी जिवंत हवी असते!

ही विसंगती केवळ गंमतीची नाही. तिच्यामागे अस्सलतेचे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आहे. आणि तो अधिकार जवळजवळ नेहमी खाणाऱ्याने स्वतःकडे घेतलेला असतो, रांधणाऱ्याकडे तो क्वचितच राहतो.

प्रथम नावाकडे पाहावे. 'सोल फूड' याचे 'आत्म्याचे अन्न' असे भाषांतर करण्याचा मोह मराठीत होतो, आणि 'अन्न हे पूर्णब्रह्म' हे संस्कार मागे उभे असल्यामुळे तो अधिकच अनावर होतो. पण येथील 'सोल' हा अध्यात्मातला आत्मा नव्हे. तो संगीतातून आलेला, कृष्णवर्णीयांनी परस्परांना ओळखण्यासाठी वापरलेला समूहवाचक शब्द आहे. हा शब्दप्रयोग रूढ झाला तो १९६० च्या दशकात, आणि तो मुख्यतः उत्तरेकडील शहरांत. १९१५ ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय माणसे दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क आणि पुढे पश्चिमेकडील शहरांत गेली. दक्षिणेत असताना चवळी, मक्याचा पाव, कॉलर्डची पालेभाजी आणि डुकराचे खारवलेले मांस यांना निराळे नाव असण्याचे कारणच नव्हते; ते रोजचे जेवण होते. त्याला नाव मिळाले ते दुरावल्यानंतर. लरॉय जोन्स (पुढे अमीरी बराका) यांचा या विषयावरचा निबंध १९६६ च्या 'होम' या संग्रहात आहे. कृष्णवर्णीयांना स्वतःची म्हणावी अशी भाषा नाही आणि स्वतःचा स्वयंपाकही नाही, या आक्षेपाला दिलेले ते उत्तर होते. म्हणजे हे नामकरणच मुळी वादात झाले, आणि शहरात झाले. ज्या अन्नप्रकाराची संकल्पनाच अंतरातून जन्मली, त्याला अंतरामुळे भ्रष्ट झाल्याचा दोष लावणे ही तर्काची ऐशीतैशी आहे.

हार्लेममधील 'सिल्व्हियाज' हे या प्रकारचे सर्वांत प्रसिद्ध उपाहारगृह. सिल्व्हिया वुड्स या साउथ कॅरोलायनातून आलेल्या बाईंनी, ज्या जागी त्या आधी वाढपिणीचे काम करीत होत्या तीच जागा १९६२ मध्ये विकत घेतली. त्यासाठी पैसा उभा राहिला तो त्यांच्या आईने गावाकडची शेती गहाण टाकून. मूळस्थानाच्या पुरस्कर्त्यांनी या व्यवहाराकडे जरा थांबून पाहावे. येथे मुळाची जमीन गहाण पडली म्हणून दूरची खानावळ उभी राहिली. या दोहोंमध्ये मूळ आणि नक्कल असा संबंध मांडता येत नाही; तारण आणि कर्ज असा मांडता येतो.

पॅरिसचे उदाहरण याहून बोलके आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात असलेले लरॉय हेन्स हे कृष्णवर्णीय गृहस्थ युद्धानंतर युरोपात राहिले आणि १९४९ मध्ये आपल्या फ्रेंच पत्नीसह त्यांनी पॅरिसमध्ये एक उपाहारगृह काढले. पुढे ते नवव्या विभागातील रु क्लोझेल या रस्त्यावर गेले आणि २००९ मध्ये बंद झाले. रिचर्ड राइट, जेम्स बाल्डविन, जाझ वाजवणारे कलावंत यांची तेथे ये-जा असे. दक्षिणी पद्धतीची तळलेली कोंबडी आणि बरगड्या अटलांटिकच्या पलीकडे, अशा शहरात खाल्ल्या जात होत्या की जेथील भाषेत त्या पदार्थांना नाव नव्हते. पण १९४९ साली 'सोल फूड' हे नाव अमेरिकेतही रूढ नव्हते. खानावळ आधी आली, नाव मागाहून आले. मग पॅरिसमधील ते ताट कशाची नक्कल होते?

आता त्याच काळातील 'मूळ' भूमीकडे वळावे. अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम येथे 'ऑलीज बार्बेक्यू' नावाचे एका गोऱ्या कुटुंबाचे उपाहारगृह १९२७ पासून चालू होते. तेथील छत्तीस नोकरांपैकी दोन-तृतीयांश कृष्णवर्णीय होते. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला मात्र आत बसून खाता येत नसे. पदार्थ बांधून घेऊन बाहेर जावे लागे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने ही बंदी बेकायदा ठरवली तेव्हा मालकांनी न्यायालयात धाव घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निकाल मालकांच्या विरुद्ध लागला. निकालाचा पाया समतेच्या तत्त्वापेक्षाही आंतरराज्य व्यापाराच्या अधिकारावर होता. आदल्या वर्षी या उपाहारगृहाने घेतलेल्या मालापैकी ४६ टक्के, म्हणजे जवळजवळ सत्तर हजार डॉलरचे मांस, परराज्यातून आलेले होते. म्हणून केंद्राचा कायदा तेथपर्यंत पोहोचू शकला.

हा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. समीक्षकांनी तो वाचलेला दिसत नाही. त्यात अस्सलतेच्या सिद्धान्ताचे दोन्ही आधारस्तंभ एकाच वेळी कोसळतात. स्थानिक मातीशी एकजीव मानल्या गेलेल्या अन्नातले मांसच दुरून येत होते. आणि ते दुरून येत होते म्हणूनच, ज्या हातांनी ते शिजवले त्या हातांना अखेर त्याच टेबलाशी बसता आले. कृष्णवर्णीयांनी चालवलेली उपाहारगृहे दक्षिणेत नव्हती असे नाही. न्यू ऑर्लिअन्समधील 'डूकी चेस' १९४१ पासूनचे, अटलांटातील 'पाशल्स' १९४७ पासूनचे. नागरी हक्कांच्या चळवळीतील कितीतरी बैठका अशा ठिकाणी झाल्या. पण आपल्याच जातीच्या आळीत बसता येणे आणि गावात बसता येणे यांतला फरक मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नसावी. १९४९ चा पॅरिसमधील कृष्णवर्णीय लेखक 'मूळस्थाना'हून हजारो मैल दूर बसून जे खात होता, ते त्याला मूळस्थानी हव्या त्या दारातून आत जाऊन खाता येत नव्हते. तेव्हा अंतर ही येथे उणीव नव्हे. ती त्या जेवणाची अट आहे.

पदार्थांच्या वंशावळीचा आग्रह धरायचा तर तोही धरून पाहावा. चवळी, भेंडी, ज्वारी, कलिंगड ही आफ्रिकेहून अमेरिकेत गेली. मका अमेरिकेचाच. डुक्कर युरोपीयांनी आणले. फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ च्या आत्मकथनात गुलामांच्या मासिक शिध्याची नोंद दिली आहे : आठ पौंड डुकराचे मांस, किंवा त्या किमतीची मासळी, आणि एक बुशेल मक्याचे पीठ. म्हणजे ज्याला आज परंपरा म्हणून गौरवले जाते त्याचा एक मोठा हिस्सा मालकाच्या कोठारातून मोजून आलेला आहे. या हिशेबात सर्वांत उद्बोधक गोष्ट 'याम'ची. पश्चिम आफ्रिकेतील याम हा आपल्याकडील कोनफळाच्या कुळातला कंद. तो अमेरिकेत दुर्लभ. म्हणून तेथील गुलामांनी रताळ्यालाच त्याचे नाव दिले. कंद अमेरिकेचा, शब्द आफ्रिकेचा. चिन्ह आणि चिन्हित यांची अशी फारकत पोट भरण्यासाठी करावी लागली, तीही सोस्यूरची वाट न पाहता. या रताळ्याला 'तू अस्सल याम नाहीस' असे सांगणारा वनस्पतिशास्त्रज्ञ बरोबर असेल, पण त्याला त्या नावाचा अर्थ मात्र कळलेला नसेल.

डुकराच्या आतड्यांचा पदार्थ, अमेरिकेतील 'चिटलिंग्ज', आपल्या वजडीचाच भाईबंद. तो गुलामीचे, टाकाऊपणाचे चिन्ह म्हणून सांगितला जातो. पण पॅरिसमध्ये डुकराच्या त्याच आतड्यांची 'आंदुयेत' होते आणि ती शिष्ट खवय्यांच्या पंक्तीत बसते. एवढेच नव्हे, तर 'अस्सल' आंदुयेतच्या चाहत्यांचे एक रीतसर मंडळ आहे. 'अस्सल' हा शब्द त्या मंडळाच्या नावातच असून ते पाच 'ए' अक्षरांची मोहोर देते. आतडे तेच. एका देशात ते खाणाऱ्याची जात उघडी पडते, दुसऱ्या देशात खाणाऱ्याची रसिकता. तेव्हा पदार्थात अर्थ साठवलेला असतो आणि तो फक्त मूळ गावी उघडतो, ही कल्पना टिकत नाही. एड्रियन मिलर यांनी २०१३ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की 'मालकाने टाकले ते गुलामाने खाल्ले' ही गोष्टदेखील अर्धीच खरी; दक्षिणेतील गोरे गरीबही बरेचसे हेच खात होते.

आणि ज्यांच्या नावाने अस्सलतेचा दंडक उगारला जातो त्यांचे तरी त्यावर एकमत होते काय? बराका ज्या अन्नाचा अभिमान सांगत होते त्याच अन्नाला एल्ड्रिज क्लीव्हर यांनी १९६८ च्या 'सोल ऑन आइस'मध्ये कृष्णवर्णीय मध्यमवर्गाचा चोचला ठरवले. वस्तीतल्या माणसाला आतडी नकोत, चांगले मांस हवे, असा त्यांचा रोखठोक मुद्दा. एलिजा मुहंमद यांनी १९६७ च्या आहारविषयक पुस्तकात डुक्कर निषिद्ध ठरवले आणि गुलामीतल्या आहाराचाच त्याग करण्यास अनुयायांना सांगितले. वर्टामे स्मार्ट-ग्रोव्हनर या साउथ कॅरोलायनातील गीची समाजाच्या लेखिका. तरुणपणी पॅरिसला जाऊन राहिलेल्या. त्यांच्या १९७० च्या 'व्हायब्रेशन कुकिंग'मध्ये मापे नाहीत, आठवणी आहेत. आणि कृष्णवर्णीय स्वयंपाकिणीने अमुकच रांधावे या अपेक्षेची जागोजाग खिल्ली आहे. (पुरुषांचे हे सारे वाद चालू असताना स्वयंपाक कोण करीत होते, हा प्रश्न त्या वादांत कोणी विचारला नाही, हेही नोंदवून ठेवलेले बरे.) अस्सलता ही या समाजाची ठरलेली मालमत्ता नव्हती. ती त्याच्या भांडणाचा विषय होती. बाहेरचा समीक्षक हे भांडण पुसून टाकतो आणि शांत, एकरस, वासाळलेली परंपरा हाती घेतो. त्याला भांडणारी माणसे पचत नाहीत.

येथे दुसऱ्या बाजूचे पंडित खूश होऊन पुढे येतील. मूळ नाही, केंद्र नाही, सारेच संकरित, सारेच प्रवाही. मग पॅरिस काय आणि अलाबामा काय! होमी भाभांच्या १९९४ च्या ग्रंथानंतर 'संकर' हा शब्द इतका स्वस्त झाला की कोणत्याही उपाहारगृहाच्या मेनूवर तो छापता यावा. हा पक्षही नाकारलाच पाहिजे, आणि जरा अधिक कठोरपणे. कारण मूळस्थानवादी निदान इतिहासाचे नाव तरी घेतो. संकरवादी खाणाऱ्याला बिल कोणी दिले, शेती कोणी गहाण टाकली, दाराशी कोणाला अडवले, याच्याशी कर्तव्य नसते. बेल हुक्स यांनी १९९२ मध्येच दाखवून दिले होते की बाजारात परक्या वंशाचे रूप फोडणीसारखे वापरले जाते. गोऱ्यांच्या प्रस्थापित संस्कृतीचे बेचव ताट त्याने चटकदार होते. हुक्स यांची ही टीका मार्मिक आहे. तिची मर्यादा एवढीच की तिच्यातला खाणारा बहुधा सत्ताधारी असतो. रु क्लोझेलवर जेवायला बसलेला, घर सोडून आलेला कृष्णवर्णीय वादक आणि त्याच्या शेजारच्या टेबलावरचा कुतूहलाने आलेला फ्रेंच, हे दोघे एकच पदार्थ मागवतात, एकच किंमत देतात. या दोन वाचनांना एका सिद्धान्तात कोंबता येत नाही. आणि दूरच्या उपाहारगृहाचा खरा अभ्यासविषय ही दोन टेबलेच आहेत.

मराठी समीक्षेचा या प्रश्नाशी संबंध दूरान्वयाचा नाही. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' (१८७३) अमेरिकेतील गुलामी नष्ट करणाऱ्यांना अर्पण केली. म. ना. वानखेडे, जनार्दन वाघमारे यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख मराठीला करून दिली. १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरने नावच तिकडून घेतले. हा सारा व्यवहार दुरून केलेल्या वाचनाचा होता, आणि तो फलदायी ठरला तो दुरून केल्यामुळेच. असे असताना दलित आत्मकथनांना मात्र आपल्या समीक्षेने 'अनुभवाच्या अस्सलते'चा एकच निकष लावला. लेखक किती भोगून आला आहे हे तपासायचे, मग दाद द्यायची. पुढे तोच लेखक शहरात आला, प्राध्यापक झाला, वेगळे लिहू लागला, की 'आता ती धग राहिली नाही' असा शेरा मारायचा. हा शेरा आणि 'हार्लेममध्ये ती चव नाही' हा शेरा यांत तत्त्वतः काय फरक आहे? देशीवादाने याच वृत्तीला मातीची प्रतिमा पुरवली. भालचंद्र नेमाडे यांच्या मांडणीतील वसाहतिक अनुकरणावरचा प्रहार आवश्यक होता, हे मान्यच करावे लागते. पण ज्या माणसाला त्या मातीत पाय ठेवायला आळीपुरतीच परवानगी होती, त्याने तिच्यातच रुजून राहावे ही अपेक्षा निष्पाप नसते.

शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' (२०१५) या पुस्तकाने मराठवाड्यातील दलितांचे अन्न प्रथमच पाककृतींसह ग्रंथबद्ध केले. २०२४ मध्ये ते इंग्रजीतही आले. त्यातील पदार्थ पुढेमागे एखाद्या महानगरातील उपाहारगृहात मिळू लागतील, आणि तेव्हा कोणी तरी खात्रीने म्हणेल की हे अस्सल नव्हे. म्हणणारा बहुधा तोच असेल, ज्याच्या आजोबांच्या घरी त्या पदार्थाचा वास आला म्हणून खिडकी लावून घेतली जात असे.

अस्सलतावाद्यांचा आवडता साहित्यिक पुरावा म्हणजे राल्फ एलिसन यांच्या 'इन्व्हिजिबल मॅन' (१९५२) या कादंबरीतील रताळ्यांचा प्रसंग. दक्षिणेतील महाविद्यालयातून हाकलला गेलेला निवेदक हार्लेमच्या बर्फाळ रस्त्यावर एका म्हाताऱ्या गाडीवाल्याकडून लोण्यासह भाजलेले गरम रताळे विकत घेतो आणि चालता चालता उघड्यावर खातो. गावाकडची आठवण दाटून येते. गावंढळ दिसू या लाजेचे ओझे उतरते. आपल्याला हाकलणारा तो प्रतिष्ठित प्राचार्य ब्लेडसो हा चोरून आतडी खातो असे चारचौघांत जाहीर करून त्याची फजिती करावी, असे चित्रही तो रंगवतो. अन्नातून ओळख परत मिळते, असे म्हणायला हा उतारा नेहमी पुढे केला जातो. आणि तो येथेच तोडला जातो.

कादंबरी मात्र येथे थांबत नाही. निवेदक परत फिरून आणखी दोन रताळी घेतो. खाता खाताच त्याला वाटू लागते की रस्त्यावर रताळे खाण्याचे हे स्वातंत्र्य अपेक्षेहून बरेच तोकडे आहे. मग तो मोठा घास घेतो आणि तोंड कडू होते. ते रताळे थंडीने मारलेले आहे. तो ते रस्त्यावर फेकून देतो. रताळी त्याच गाडीवरची, विकणारा तोच, आठवणही तीच. एलिसन यांनी गोड आणि नासलेले यांच्यामध्ये दक्षिण आणि उत्तर अशी रेघ ओढलेली नाही. दोन्ही एकाच कागदी पुडीत ठेवली आहेत. पहिले रताळे खरे आणि शेवटचे खोटे, असे म्हणण्याची सोय ही संहिता देत नाही, आणि दोन्ही केवळ चिन्हे आहेत असे म्हणून जीभ वाचवण्याचीही नाही.

त्यानंतर तो काही पावले चालतो आणि एका वृद्ध कृष्णवर्णीय जोडप्याला घराबाहेर काढले जात असलेले पाहतो. त्यांचे सामान पदपथावर, बर्फात पडलेले आहे. त्या सामानात त्याला एक जीर्ण कागद सापडतो. त्यावर १८५९ ची तारीख आहे; एका गुलामाला मुक्त केल्याचा तो दाखला आहे.